शहरातला आदिवासी आणि कॅमेऱ्याची अट

व्याख्यानाच्या नावात 'अट' हा शब्द आम्ही मुद्दाम ठेवला आहे. आजचं बहुतेक बोलणं त्या एका शब्दाभोवतीच राहील.

शहरात राहणाऱ्या आदिवासी माणसांची गौरवानं काढलेली व्यक्तिचित्रं, म्हणजे पोर्ट्रेट्स, आता बरीच दिसू लागली आहेत. ९ ऑगस्टचा जागतिक आदिवासी दिन आला की मोबाइलवर, चौकातल्या फलकांवर, दिनदर्शिकांवर, प्रदर्शनांमध्ये हे चेहरे येतात. हेतू चांगला असतो. फोटोही पुष्कळदा चांगले असतात. तरीही आमचं म्हणणं असं आहे की यातले बरेच फोटो समोरच्या माणसाला एक अट घालतात. तू आदिवासी आहेस ना, मग तसा दिस. ही अट आली कुठून, नागपुरात तिची किंमत काय पडते, आणि अट न घालता गौरव करता येतो का, हे तीन प्रश्न आपण आज घेऊ.

आता नागपूरच का? एक तर हे शहरच गोंड राजानं वसवलेलं. देवगडच्या बख्त बुलंद शहानं १७०२ च्या सुमारास नागपूर वसवलं, हे इथल्या शाळकरी मुलालाही माहीत असतं. भोसले नंतर आले, इंग्रज त्याहून नंतर. म्हणजे 'आदिवासी जंगलातून शहरात आला' हे वाक्य नागपूरपुरतं तरी जरा जपून वापरावं लागतं. दुसरं, २०११ च्या जनगणनेत नागपूर शहराची लोकसंख्या २४ लाखांच्या थोडी वर होती आणि तिच्यात अनुसूचित जमातींचं प्रमाण ७.७ टक्के होतं. म्हणजे साधारण एक लाख पंच्याऐंशी हजार माणसं. यात शिक्षक आले, कारकून आले, बांधकामावरचे मजूर आले, वसतिगृहात राहून स्पर्धा परीक्षा देणारी मुलंमुली आली. ही माणसं आपल्याला रोज दिसतात, बसमध्ये शेजारी बसतात. पण 'आदिवासीचा फोटो' म्हटलं की यांच्यातलं कोणी आपल्या डोळ्यांसमोर येत नाही. डोळ्यांसमोर येतं ते मोरपीस, कवड्यांचा पट्टा, गोंदण आणि मागे साल किंवा मोहाचं झाड. हे चित्र आपल्या डोक्यात आपोआप आलेलं नाही. ते घडवलं गेलं आहे, आणि त्या घडणीत नागपूरचाही हात आहे.

नागपूर तेव्हा मध्य प्रांताची राजधानी. त्या प्रांताच्या जाती-जमातींवरचा रसेल आणि हिरालाल यांचा चार खंडांचा ग्रंथ १९१६ साली लंडनहून प्रसिद्ध झाला. आजही गोंडांविषयी काही लिहायचं झालं की अभ्यासक आधी तोच उघडतात. माहितीचा साठा म्हणून त्याचं मोल आम्ही नाकारत नाही. आज फक्त त्यातल्या छायाचित्रांकडे बघू. गोंडांच्या प्रकरणात प्रवासाला निघालेले गोंड आहेत, बाजारात बांबूच्या गाड्यांसह उभे असलेले गोंड आहेत, नाचाच्या पोशाखातले माडिया आहेत. आणि एक चित्र असं आहे की ज्याचा हेतू त्याच्या मथळ्यातच सांगितलाय. बायकांच्या पायांवर मागच्या बाजूला असलेलं गोंदण दाखवणं, हा तो हेतू. म्हणजे बघा, फोटो बायकांचा आहे, पण बघायचं आहे ते त्यांच्या पायांच्या मागच्या बाजूला. या मथळ्यांमध्ये जमातीचं नाव असतं, कामाचं नाव असतं, वस्तूचं असतं. माणसाचं नाव नसतं.

याला कोणी म्हणेल, तो ग्रंथ जमातींचा होता, व्यक्तींचा नव्हता, मग नावं कशाला हवीत? बरोबर आहे. आमचा मुद्दा रसेलसाहेबाला शंभर वर्षांनी दोष देण्याचा नाहीच. मुद्दा असा की या चित्रांनी पाहण्याची एक सवय लावली. आधी खूण शोधायची, मग माणूस. आणि खूण सापडली नाही तर माणूस खोटा. ही सवय पुढे फार चांगल्या हातांतसुद्धा टिकली. व्हेरिअर एल्विन, फ्यूरर-हायमेनडॉर्फ, सुनील जाना यांनी विसाव्या शतकाच्या मध्यात आदिवासींचे जे फोटो काढले, त्यांत जिव्हाळा आहे आणि सौंदर्यही आहे. सुनील जाना यांच्या कित्येक फोटोंत तर समोरचं माणूस चक्क आपल्याकडे बघून हसतं. पण तो सगळा आदिवासी गावातला, रानातला, सणातला. शहराच्या नळावर पाणी भरणारा, सायकलवर डबा लावून कामाला निघालेला आदिवासी त्या कॅमेऱ्यांच्या वाटेत फारसा आला नाही.

अमेरिकेतली एक गोष्ट इथे सांगायला हवी, कारण ती या सवयीचं अगदी उघडं उदाहरण आहे. एडवर्ड कर्टिस या छायाचित्रकारानं तिथल्या मूलनिवासींवर १९०७ ते १९३० या काळात वीस खंड काढले. त्यातल्या १९१० च्या एका फोटोत पिगन समाजाची दोन माणसं तंबूत बसली आहेत. मूळ काचेवर त्या दोघांच्या मधे एक घड्याळ आहे. छापताना ते घड्याळ खोडून काढलं गेलं. का? तर घड्याळ असलं की चित्रातला माणूस 'अस्सल' राहत नाही. त्या माणसांनी ते घड्याळ आपलं म्हणून जवळ ठेवलं होतं. फोटोसाठी बसताना ते लपवायला हवं, असं त्यांना वाटलं नव्हतं. ते वाटलं फोटो काढणाऱ्याला. आज आपल्याकडे घड्याळ खोडायची गरज पडत नाही. आधीच सांगितलं जातं, "दादा, तेवढं घड्याळ काढून ठेवा, चष्मा काढा, जरा तिकडे झाडाजवळ उभे रहा." काम तेच.

सिव्हिल लाइन्समध्ये दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राचे मेळे भरतात, तिथे वेगवेगळ्या प्रांतांतली नृत्यपथकं येतात. फोटो काढायला झुंबड उडते, आणि ते साहजिकही आहे, नाच सुंदरच असतो. पण तोच नर्तक कार्यक्रम संपल्यावर पँट-शर्ट घालून चहाच्या टपरीवर उभा असतो, तेव्हा त्याच्याकडे एकही कॅमेरा वळत नाही. त्या मधल्या अर्ध्या तासात त्याच्यातलं नेमकं काय बदललं? आमच्या मते टीकेची सुरुवात या प्रश्नापासून व्हावी.

आता किमतीकडे वळू. कारण एवढंच असतं तर हा प्रश्न फक्त अभिरुचीचा राहिला असता.

महाराष्ट्रात आदिवासी म्हणून शिक्षणात किंवा नोकरीत जागा मिळवायची असेल तर जमातीच्या प्रमाणपत्राची पडताळणी करावी लागते. त्यासाठी समित्या आहेत, नागपुरातही आहे. जुनी कागदपत्रं बघतात. १९५० च्या आधीची शाळेतली नोंद असेल तर तिला मोठं वजन. आणि त्याबरोबर एक कसोटी असते, तिला इंग्रजीवरून 'अ‍ॅफिनिटी टेस्ट' म्हणतात. मराठीत आपण तिला आप्तभावाची कसोटी म्हणू. तुमचे देव कोणते, लग्न कसं लागतं, मयताचे विधी काय, बोली कोणती, असे प्रश्न. १९९४ च्या माधुरी पाटील प्रकरणातल्या निकालानं पडताळणीची ही पद्धत घालून दिली. आता विचार करा. ज्याचे आजोबा गिरणीत कामाला नागपूरला आले, ज्याची आई मराठीतच वाढली, जो स्वतः इंजिनिअरिंगला आहे, त्यानं या प्रश्नांची उत्तरं कुठून द्यायची? गावातल्या माणसाला जे सहज येतं ते शहरातल्याला पाठ करून जावं लागतं. हा पेच न्यायालयाच्याही लक्षात आला. २०११ साली आनंद विरुद्ध तपासणी समिती या हलबी जमातीच्या दाव्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की स्थलांतर, आधुनिकीकरण आणि इतर समाजांशी येणारा संबंध यांमुळे जुन्या खुणा बदलतात, तेव्हा ही कसोटी एकमेव निकष मानू नये. मार्च २०२३ मध्ये न्यायालयानं पुन्हा तेच सांगितलं, की प्रत्येक प्रकरणात ही कसोटी अंतिम धरता येणार नाही.

म्हणजे कायद्याला जे उमगलं, ते आपल्या कॅमेऱ्याला अजून उमगायचं आहे. गौरवाच्या नावाखाली आपण ज्या खुणा मागतो, त्याच खुणांसाठी शहरातला आदिवासी दुसरीकडे रांगेत उभा असतो.

इथे घाई करून चालणार नाही, कारण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. खरा आदिवासी कोण, हा प्रश्न केवळ बाहेरच्यांची लहर नाही. राखीव जागा मोजक्या आहेत आणि त्या भलत्यांनी घेतल्या ही आदिवासी संघटनांची जुनी तक्रार आहे. नागपुरात हलबा-कोष्टी हा विषय निघाला की घराघरांत वाद होतात. २००० साली मिलिंद प्रकरणात घटनापीठानं सांगितलं की यादीत जे लिहिलं आहे तेच वाचायचं, हलबा म्हणजे हलबा-कोष्टी असा अर्थ काढता येणार नाही. त्या निकालानं विणकरांच्या वस्त्यांमध्ये किती घरांचं गणित बदललं, हे इथल्या लोकांना सांगायला नको. आम्ही या वादात निवाडा देत नाही. आमचं म्हणणं एवढंच आहे की निवाडा देणं हे समितीचं आणि न्यायालयाचं काम आहे, फोटोचं नव्हे. छायाचित्रकार जेव्हा 'अस्सल चेहरा' शोधत फिरतो, तेव्हा तो नकळत एका खुर्चीवर जाऊन बसतो. त्या खुर्चीवर त्याला कोणी बसवलेलं नाही.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. खुणा सगळ्या काढून टाकल्या तर उरलं काय? शर्ट-पँटमधला एक माणूस. मग तो आदिवासी आहे हे बघणाऱ्याला कळणार कसं? आणि कळलंच नाही तर गौरव कसला? शिवाय ९ ऑगस्टच्या मिरवणुकीत लोक स्वतःच पिवळे दुपट्टे, फेटे, पारंपरिक दागिने घालून येतात. संविधान चौकात उभं राहून अभिमानानं फोटो काढून घेतात. ते काय खोटं आहे?

मुळीच खोटं नाही. पोशाख आणि अट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बिरसा मुंडांचा फोटो आठवा. आज देशभर जो चेहरा पूजला जातो, त्याच्यामागचं छायाचित्र कैदेतल्या माणसाचं आहे. पकडणाऱ्यांच्या कॅमेऱ्यानं काढलेलं. १९०० साली बिरसांना अटक झाली आणि त्याच वर्षी ९ जूनला रांचीच्या तुरुंगात त्यांचा मृत्यू झाला. त्या प्रतिमेवरून पुढे पुतळे घडले, त्यांच्या हातांत बेड्याही आल्या. बेड्या काढा अशी मागणी महाश्वेतादेवींनी केली होती, आणि २०१६ साली झारखंड सरकारनं पुतळ्यांवरच्या बेड्या काढायचं ठरवलं. लोकांनी शत्रूनं काढलेला फोटो घेतला आणि आपला केला. प्रतिमेचा मालक बदलला की अर्थही बदलतो, हे यातून दिसतं. मिरवणुकीतल्या पोरीनं स्वतःच्या मर्जीनं घातलेला दागिना आणि छायाचित्रकारानं आणून दिलेला दागिना फोटोत अगदी सारखेच दिसतील. तरी ते दोन वेगळे फोटो आहेत.

पहिल्या प्रश्नाचं, म्हणजे 'कळणार कसं' याचं उत्तर आमच्या मते फोटोच्या खाली आहे. मथळ्यात. नाव लिहा, पूर्ण नाव लिहा. आणि इथे विदर्भातल्या वाचकाला एक गंमत ठाऊक असते. मडावी, उईके, आत्राम, टेकाम, कुमरे, धुर्वे, मरसकोल्हे. गोंड माणसासाठी ही नुसती आडनावं नाहीत. त्यांत कूळ आहे आणि देवांची संख्या आहे. कोणी चार देवे, कोणी पाच, कोणी सहा, कोणी सात. समान देवसंख्येच्या कुळांत सोयरीक होत नाही, ते भाऊबंद ठरतात. म्हणजे एका आडनावावरून गोंड वाचक सांगू शकतो की फोटोतली ही मुलगी आपली बहीण लागते की होणारी वहिनी. सांगा, कवड्यांचा कुठला पट्टा एवढं सांगेल? ज्या प्रेक्षकासाठी फोटो काढायचा तो प्रेक्षक जर आदिवासीच असेल, तर खुणा वेगळ्या मागाव्याच लागत नाहीत. खुणा लागतात त्या परक्या प्रेक्षकाला. म्हणून हे पोर्ट्रेट कोणाच्या भिंतीवर जाणार, हा प्रश्न फोटो काढण्याआधीच विचारला पाहिजे.

अट न घालता काम होतं याचं एक चांगलं उदाहरण कॅनडात आहे. नादिया क्वांडिबेन्स या अनिशिनाबे समाजाच्या छायाचित्रकार. त्यांची शहरी मूलनिवासींवरची व्यक्तिचित्रांची मालिका आहे, 'काँक्रीट इंडियन्स' या नावाची. नावातच शहराचं सिमेंट आहे. यात पारंपरिक पोशाख आहे, पण तो उंच इमारतींच्या, रस्त्यांच्या, स्थानकांच्या मधोमध आहे. साधे रोजचे कपडेही आहेत. इथे कोणी शहर खोडलेलं नाही. माणसं मान वर करून उभी असतात, जणू हे शहर आमच्याच जमिनीवर उभं आहे हे सांगायला. हे टोरंटोत जितकं खरं आहे, तितकंच महालातल्या आणि सीताबर्डीतल्या रस्त्यावर खरं आहे. तरी या मालिकेलाही आम्ही एक प्रश्न विचारू. पोशाख आणि इमारत यांचा विरोध दाखवणं दहा फोटोंत धारदार वाटतं, शंभराव्या फोटोत ती युक्ती होऊन बसते. शहरात तीन पिढ्या काढलेल्या माणसाला शहर आणि जमात यांच्यात रोज विरोध जाणवतोच असं नाही. त्याला ते दोन्ही आपलंच घर वाटतं.

नागपूरपुरतं एक नाव घेऊ. मोतीरावण कंगाली. रिझर्व्ह बँकेत अधिकारी, आणि त्याच वेळी गोंडी भाषा, पुनेम म्हणजे गोंडी धर्मपरंपरा आणि कोया इतिहास यांवर आयुष्यभर लिहिणारे अभ्यासक. मूळ नाव मोतीराम, ते त्यांनी बदलून मोतीरावण केलं. २०१५ साली ते गेले. सिंधू लिपी गोंडीच्या आधारे वाचण्याच्या त्यांच्या दाव्यावर मतभेद आहेत, ते असू द्या. आज प्रश्न असा आहे की या माणसाचं पोर्ट्रेट कसं करायचं? बँकेच्या टेबलामागे, फाइलींसमोर? की देवस्थानाच्या जत्रेत, पिवळ्या दुपट्ट्यात? पहिल्या फोटोतून आदिवासी गेला असं ज्याला वाटेल, त्याला कंगाली कळलेच नाहीत. नाव बदलण्याचा निर्णय ज्या माणसानं घेतला, तो माणूस बँकेत नोकरी करत होता. त्या निर्णयासाठी त्याला रानात परत जावं लागलं नाही. शहरी आदिवासीचं पोर्ट्रेट म्हणजे असं काहीतरी पकडणं, आणि ते पोशाखापेक्षा कितीतरी अवघड आहे.

शेवटचा मुद्दा सर्वांत जड आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं ९ ऑगस्ट हा दिवस ठरवला तो २३ डिसेंबर १९९४ रोजी. त्याच्या बरोबर एक महिना आधी, २३ नोव्हेंबर १९९४ ला, नागपुरात विधानसभेच्या हिवाळी अधिवेशनावर गोवारींचा मोर्चा आला होता. मागणी एकच, आम्हाला अनुसूचित जमातीत धरा. चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसं मेली. बहुतेक बायका आणि मुलं. झिरो माइलजवळ त्यांचं स्मारक आहे. सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला गोवारी शहिदांचं नाव आहे आणि त्या नावात 'आदिवासी' हा शब्द आहे. २०१८ च्या ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं गोवारींच्या बाजूनं निकाल दिला, आणि डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द केला. गोवारी वेगळे आणि यादीतले गोंड गोवारी वेगळे, असं ठरलं. म्हणजे पुलाच्या पाटीवर ते आदिवासी आहेत, यादीत नाहीत.

नागपूरकर या माणसांना कसे आठवतात? आकड्यानं. एकशे चौदा. जे शहर आपल्या रस्त्यावर मेलेल्यांना आकड्यानं ओळखतं, त्या शहरात आदिवासी चेहऱ्यांचं प्रदर्शन भरवायचं असेल, तर ते कुठल्या चेहऱ्यांचं भरवावं? आम्हाला वाटतं की गौरवाच्या छायाचित्रणाला या प्रश्नापासून पळता येणार नाही. यादीत नाव आहे की नाही हे न विचारता एखाद्या गोवारी बाईचं पोर्ट्रेट, तिच्या घरात, तिनं निवडलेल्या साडीत, तिच्या पूर्ण नावानिशी काढणं, हे कोर्टाच्या विरोधात जाणं नाही. ती या शहराची माणूस आहे, एवढंच ते सांगतं. आणि तेवढं तरी शहर तिला देणं लागतं.

वाहरू सोनवणे यांची 'स्टेज' ही कविता आपल्यातल्या बऱ्याच जणांनी ऐकली असेल. मंचावर बसून दुसरेच आदिवासींचं दुःख आदिवासींना सांगत राहतात, असा तिचा विषय आहे. छायाचित्रणातही मंच असतो. कॅमेऱ्यामागे कोण उभा आहे, फोटो कोणी निवडले, मथळा कोणी लिहिला, हा तो मंच. आज वसतिगृहातल्या प्रत्येक मुलाच्या खिशात कॅमेरा आहे. सर्वांत मोकळी व्यक्तिचित्रं कदाचित तिथेच तयार होत असतील, मित्रानं मित्राची काढलेली, परीक्षेच्या आदल्या रात्रीची, पहिल्या पगाराच्या दिवसाची. त्यांना प्रदर्शनाची भिंत मिळाली नाही म्हणून ती कमी दर्जाची ठरत नाहीत.

म्हणून प्रदर्शन पाहायला जाल तेव्हा, किंवा स्वतः फोटो काढाल तेव्हा, चार गोष्टी बघा एवढी विनंती. नाव आहे का. कपडे कोणी ठरवले. आजूबाजूचं शहर फोटोत आहे की खोडलंय. आणि फोटोची प्रत त्या माणसाच्या घरी पोचली का. चौथी गोष्ट फार साधी वाटते, पण बहुतेक वेळा तीच राहून जाते. ज्याचा चेहरा शंभर ठिकाणी छापला जातो, त्याच्या घरच्या भिंतीवर तो नसतो.

इथे थांबतो. मतभेद असतील, ते असायलाच हवेत. आता आपण प्रश्न घेऊ.